पन्नास मिलिलिटरचा पेला आणि आत्याची भट्टी



एका फोटोवरून गेले तीन आठवडे आमच्या ग्रुपवर जे महाभारत चाललं आहे (शब्दाबद्दल माफी), त्याला आता लिहूनच उत्तर द्यायचं ठरवलं आहे. फोटो ओसाकातला आहे. मोठा हॉल, मागे जपानी अक्षरांच्या पाट्या, पुढे आमचे दोन साथी. एक अकोल्याचा, सध्या ओसाकात नोकरीला असलेला इंजिनिअर. दुसरी आमची वर्ध्याची ताई. दोघांच्या हातात चहाच्या कटिंगपेक्षाही लहान काचेचे पेले, आणि पेल्यात बिअर.

फोटो पडल्यावर दोन बाजूंनी हल्ला झाला. नागपूरच्या एका ज्येष्ठ काकांनी लिहिलं, "आयुष्मान, कोयासानला बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करायला गेला होतात की ढोसायला? बावीस प्रतिज्ञा विमानतळावरच ठेवून गेलात का?" त्यावर पुण्यातल्या आमच्या तरुण मित्रांचा ताबडतोब प्रतिहल्ला आला, "काका, जपान बौद्ध देश आहे. तिथले भिक्खूसुद्धा पितात. आपणच तेवढे कर्मठ राहिलोय. आपली चळवळ आहे की दारूबंदी मंडळ?"

आम्हाला दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे. आधी हिशोब देऊन टाकतो, म्हणजे लपवल्याचा आरोप नको. आम्ही पाच जण होतो. दोघांनी चाखली, तिघांनी नाही. लिहिणारा त्या तिघांतला. म्हणून या लेखात चवीबद्दल जे काही येईल ते त्या दोघांच्या जिभेवरून आलेलं आहे. बाकी बघणं, ऐकणं आणि विचारणं आम्ही सगळ्यांनी मिळून केलं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. फोटोत दोघं होते, पण शिव्या पडल्या त्या ताईला. इंजिनिअरला कोणी 'लाज वाटते का' असं विचारलं नाही. ते परत येईलच पुढे.

तर हे बिअर महोत्सव काय प्रकरण असतं? जपानमध्ये गावोगावी लहान लहान बिअरच्या भट्ट्या आहेत. वर्षातून काही वेळा मोठ्या शहरांत त्यांचे मेळे भरतात. जपान क्राफ्ट बिअर असोसिएशन भरवते त्या मेळ्यांची पद्धत अशी, की दारात तिकीट घेतलं की हातात एक लहान पेला मिळतो. त्यात एका वेळी ५० मिलिलिटर ओततात. मग एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचं. प्रत्येक टेबलामागे त्या भट्टीची माणसं उभी. चव आवडली नाही तर उरलेली ओतून द्यायला बादली, पेला विसळायला पाणी. लोक वह्या घेऊन आलेले, टिपणं काढणारे. झिंगून पडलेला माणूस आम्हाला दिसला नाही. गाल लाल झालेले मात्र बरेच होते.

आमच्या दोघांनी सुरुवात केली ती हिताचिनो नेस्टपासून. टोकियोच्या ईशान्येला इबाराकी प्रांत आहे, तिथली ही बिअर, बाटलीवर घुबडाचं चित्र. हिच्या पांढऱ्या बिअरमध्ये धणे, जायफळ आणि संत्र्याची साल असते. ताई म्हणाली, "अगं बाई, हा तर पुरणाचा वास!" मग सैतामा प्रांतातल्या कावागोए गावची कोएदो. तिची बेनिआका नावाची बिअर रताळ्याची. त्या भागात रताळी मोठ्या प्रमाणात होतात आणि आकार वेडावाकडा असलेली बाजारात कोणी घेत नाही. त्या नाकारलेल्या रताळ्यांचं काय करायचं, यातून हा उद्योग निघाला. मग ओसाकाजवळच्याच मिनोची काळी स्टाउट. इंजिनिअरच्या शब्दांत, करपलेल्या भाकरीचा पापुद्रा कॉफीत बुडवावा तशी. त्याच भट्टीची डब्ल्यू आयपीए म्हणून एक आहे, तिच्यात नऊ टक्के मद्यार्क. ती चाखून ताईने तोंड वाकडं केलं, "काढा आहे हा," आणि उरलेली बादलीत ओतली. फोटो त्याच्या आधीच्या क्षणाचा आहे. बादलीचा फोटो कोणी काढला नाही, काढला असता तरी व्हायरल झाला नसता.

मिनोच्या टेबलापाशी आम्ही जरा जास्त वेळ थांबलो. ही भट्टी १९९७ साली एका बापाने सुरू केली आणि पुढे त्याच्या मुलींनी चालवली. थोरली काओरी ओशिता ही तिची प्रमुख. यात काय विशेष, असं विचाराल. विशेष असं की जपानमध्ये साके गाळण्याच्या जुन्या भट्ट्यांत बाईने पाऊल टाकायचं नाही, असा दंडक होता. बाईच्या विटाळाने दारू नासते म्हणे. आणि ज्या कोयासान पर्वतावर आम्ही अभिवादनाला गेलो, तिथेही १८७२ च्या सरकारी हुकमापर्यंत बायकांना बंदी होती, हुकूम निघाल्यावरही मठांनी कितीतरी वर्षं ती सोडली नाही. डोंगराच्या वाटेवर बायकांनी थांबायची एक इमारत अजून जपून ठेवली आहे. ती पाहून ताई खाली उतरली, दुसऱ्या दिवशी ओसाकात एका बाईच्या भट्टीची बिअर चाखली, आणि भारतातून मेसेज आला, "बाई असून?" आता आम्ही काय बोलावं?

असो. मूळ मुद्दा पुढेच आहे.

जपानीत या बिअरला आधी 'जी-बीरु' म्हणत. 'जी' म्हणजे माती, जागा, तिथलं. मराठीत याला नेमका शब्द आहे: गावठी. गावठी कोंबडी म्हटली की भाव दुप्पट. गावठी अंडी, गावठी लसूण, गावठी तूप, शहरातले लोक शोधत फिरतात. पण गावठी दारू म्हटली की त्याच शब्दाला हातकड्या पडतात. असं का होतं? कारण कोंबडी कोणी पाळली हे गिऱ्हाईक विचारत नाही. दारू कोणी गाळली हे मात्र पोलिसांना आधीच ठाऊक असतं.

जपानमध्ये 'जी' ला प्रतिष्ठा कशी मिळाली ते बघा. ती चवीतून मिळाली नाही, कायद्याच्या एका आकड्यातून मिळाली. १९९४ पर्यंत तिथे बिअरचा परवाना हवा असेल तर वर्षाला किमान वीस लाख लिटर बिअर काढावी लागे. म्हणजे आसाही, किरीन, सापोरो, सनतोरी अशा बड्या कंपन्यांसाठीच दार उघडं. १९९४ मध्ये सरकारने तो आकडा साठ हजार लिटरवर आणला आणि पाच वर्षांत गावोगावी भट्ट्या उभ्या राहिल्या. पहिल्या लाटेत बऱ्याच वाईट बिअरी निघाल्या. पर्यटकांना गळ्यात मारायची महाग भेटवस्तू, अशी 'जी-बीरु'ची बदनामी झाली आणि अनेक भट्ट्या बंद पडल्या. ज्या टिकल्या त्यांनी पुढे 'जी' हा शब्दच मागे टाकला आणि इंग्रजी 'क्राफ्ट' लावला. म्हणजे गावठीपण तिथेही अडचणीचं झालं होतं, ते इंग्रजीत धुऊन घ्यावं लागलं. हे वाचून पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत बसणाऱ्या मित्रांना काही आठवतंय का?

पण साठ हजार लिटर तरी कोणाला परवडणार? रोजचे एकशे चौसष्ट लिटर झाले ते. ज्याच्याकडे आधीच जागा, पाणी, पिंप आणि पत आहे त्याला. हिताचिनो नेस्ट काढणाऱ्या घराण्याची साकेची भट्टी १८२३ पासूनची. मूळ पुरुष गावचा मुखिया होता, शेतकऱ्यांकडून साऱ्याचा तांदूळ त्याच्याकडे जमा व्हायचा आणि त्या तांदळातून साके सुरू झाली. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर पाटलाच्या वाड्यातली भट्टी. बिअर चांगली आहे, घुबड सुंदर आहे, आमचं काही म्हणणं नाही. फक्त 'हस्तकौशल्य' हा शब्द ऐकला की आधी विचारा, हात कोणाचे आणि कोठार कोणाचं.

एक मागचं दारही आहे. बिअरमध्ये माल्ट कमी असेल किंवा कायद्याच्या यादीबाहेरचं काही घातलं असेल, तर जपानी कायदा तिला बिअर म्हणत नाही, 'हाप्पोशु' म्हणतो, फेसाळ दारू. रताळ्याची बेनिआका ही कायद्याने हाप्पोशु. तिच्या परवान्याला वर्षाला सहा हजार लिटर पुरतात. पुष्कळ लहान भट्ट्या याच दारातून आत आल्या. सहा हजार लिटर म्हणजे रोजचे सोळा लिटर. म्हणजे साधारण तेलाचा एक डबा.

हा डबा आम्हाला चांगला ओळखीचा आहे. आमच्या आत्याच्या घरी असाच डबा होता. काळा गूळ, नवसागर, चूल आणि एक जुनी रबरी नळी. आत्याचा नवरा दारू पिऊन मेला, पस्तिशीत. पदरात तीन पोरं. धुणीभांडी करून भागेना, तेव्हा ज्याने नवरा नेला तेच विकायला ती बसली. आठवड्याला हप्ता द्यायचा, आणि हप्ता देऊनही वर्षातून दोनदा धाड पडायची, कारण वरच्यांना केसेस दाखवायच्या असतात. डबा लाथेने उलटा करायचे, आत्याला गाडीत घालायचे. आम्ही लहान होतो, त्या दिवशी तिच्या पोरांबरोबर आमच्या घरी भाकरी वाढलेली आठवते. आत्या आंबेडकर जयंतीला निळं लुगडं नेसून मिरवणुकीत पहिल्या रांगेत असायची. वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी तिला एकदा मिरवणुकीतून बाजूला केलं. भट्टीवाली म्हणून. बाजूला करणाऱ्यांतले निम्मे तिचे गिऱ्हाईक होते.

हे सांगतोय ते आत्याच्या दारूचं कौतुक म्हणून नाही. गाळलेली दारू आणि बिअर एक नव्हे, आणि चोरून गाळलेल्या दारूत काय असतं याची कोणालाच खात्री नसते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरावर माणसं मेली. ती कुठल्या वस्तीतली होती हे सांगायची गरज नाही. विष विषच आहे. प्रश्न असा की ते अंधारात का शिजतं, आणि अंधार कोणी केला?

अंधार कायद्याने केला, आणि दोन्ही देशांत तो महसुलासाठी केला. जपानमध्ये शेतकरी घरोघरी तांदळाची पांढरी, गाळ न काढलेली दारू करत, तिला 'दोबुरोकु' म्हणतात. चीनशी युद्ध झालं, पुढच्या युद्धाची तयारी सुरू झाली, सरकारला पैसा हवा होता. १८९९ मध्ये घरी दारू करण्यावर पूर्ण बंदी आली. त्या काळात दारूवरचा कर हा जपानी सरकारचा सर्वात मोठा कर होता. आपल्याकडे इंग्रजांनी १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणला, गावोगावच्या भट्ट्या मोडून दारू मक्तेदारांच्या हाती दिली. १८९२ मध्ये तर मोहाच्या फुलांवरच कायदा केला. आदिवासीच्या दारातलं झाड तसंच राहिलं, फूल सरकारच्या ताब्यात गेलं.

बंदी आल्यावर मार कोणाला पडला? दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अडकलेल्या कोरियन कुटुंबांना कोणी नोकऱ्या देत नव्हतं. त्यांच्या वस्त्यांतून बायका दोबुरोकु करून विकत आणि पोट भरत. कर खात्याचे लोक पोलीस घेऊन त्या वस्त्यांवर धाडी घालत. मडकी फुटत, माणसं आत जात. १९४७ मध्ये कावासाकीत अशाच एका धाडीनंतर कर खात्याच्या एका माणसाला मारहाण झाली आणि तो मेला. त्याचंही घर असणार, तेही विसरायचं कारण नाही. पण मडकी फोडणारं सरकार आणि आज महोत्सवांत 'स्थानिक चव' म्हणून मिरवणारं सरकार एकच आहे.

जपानी लोकांपैकी हे ज्यांनी ओळखलं त्यातला एक होता माएदा तोशिहिको. नारिता विमानतळासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या जात होत्या, त्याविरुद्धच्या सानरिझुकाच्या लढ्यातला हा कार्यकर्ता. त्याने घरी उघडपणे दोबुरोकु केली, लोकांना बोलावून पाजली आणि आमंत्रण कर खात्यालाही धाडलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९८९ मध्ये तो हरला. घरी बिअर करणं जपानमध्ये आजही गुन्हाच आहे. एक टक्क्याच्या वर मद्यार्क गेला की संपलं. महोत्सवातल्या त्या वह्यावाल्या रसिकांपैकी किती जणांना माएदाचं नाव ठाऊक असेल, हे आम्ही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता बिअरबरोबर काय खात होते ते सांगतो. हॉलच्या एका कडेला खाण्याच्या टपऱ्या होत्या आणि त्यात सर्वात लांब रांग होती 'होरुमोन'ची. होरुमोन म्हणजे जनावराची आतडी, वजडी, काळीज, निखाऱ्यावर भाजून. ओसाकाची खासियत म्हणून आज जगभरचे पर्यटक खातात. पण हे अन्न कोरियन वस्त्यांचं आणि बुराकू वस्त्यांचं. बुराकू म्हणजे जपानमधले आपले भाऊबंद. कातडं कमावणं, जनावरं कापणं, ढोल मढवणं या कामांवरून पिढ्यान्‌पिढ्या विटाळाचा शिक्का मारलेले. ओसाकाच्या दक्षिणेकडच्या बुराकू वस्त्यांत आतडी तळून, चरबी काढून वाळवलेला 'आबुराकासु' असतो. तो सुपात घालून आता शहरात हॉटेलं चालतात. आमच्या अकोल्याच्या साथीने एक तुकडा तोंडात टाकला आणि गप्प झाला. मग म्हणाला, "चान्या." घरी आजीने दोरीवर वाळत घातलेल्या चान्या. त्याच्या शाळेत त्या वासावरून त्याला शेवटच्या बाकावर बसवलं होतं. पन्नास मिलिलिटरच्या पेल्याने जे झालं नाही ते त्या तुकड्याने झालं, त्याचे डोळे भरले.

योगायोग बघा. बुराकूंना कागदावर मुक्त करणारा जपानी हुकूम १८७१ चा. आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा, ज्याने पारधी, कंजारभाट यांसारख्या कितीतरी जमाती जन्मानेच चोर ठरवल्या, तोही १८७१ चाच. एकाने कागदावर सोडवलं, दुसऱ्याने कागदावर बांधलं. कंजारभाट वस्तीत आजही हातभट्टीची धाड ही दिवाळी-दसऱ्यासारखी ठरलेली असते.

आता पुण्याच्या मित्रांनो, तुमच्याकडे वळतो. जपानचे भिक्खू पितात म्हणून आपण प्यावं, हा तुमचा युक्तिवाद. पितात, खरं आहे. कोयासानच्या मठात मुक्काम केला तर रात्रीच्या शाकाहारी जेवणाबरोबर बिअर किंवा साके मागता येते. मठांत साकेला 'हान्न्यातो' असं लाडाचं नाव आहे. हान्न्या म्हणजे आपलाच 'प्रज्ञा' हा शब्द. प्रज्ञेचा काढा! संस्थापक कुकाईंनी डोंगरावरच्या थंडीसाठी एका पेल्याची मुभा दिली होती, असं परंपरा सांगते. आणि १८७२ मध्ये मेइजी सरकारने भिक्खूंना मांस खायला, लग्न करायला, केस वाढवायला परवानगी देणारा हुकूम काढला, तिथून बरंच काही सैल झालं.

पण जपानचा बौद्ध धर्म आपला दाखला म्हणून घ्यायचा असेल तर पूर्ण घ्या. त्याच देशातल्या अनेक बौद्ध पंथांनी बुराकू माणूस मेल्यावर त्याला जे धार्मिक नाव दिलं, त्यात 'पशू', 'कातडं' अशी अक्षरं घुसवली, म्हणजे थडग्यावरूनही जात कळावी. काही ठिकाणी 'सेंदारा' असं लिहिलं. हा शब्द ओळखलात? चांडाल. सूत्रांच्या पोथ्यांबरोबर आपल्याकडून तिकडे गेलेला. १९७९ मध्ये अमेरिकेत जागतिक धर्मपरिषद भरली होती, तिथे सोतो झेन पंथाचे प्रमुख माचिदा यांनी जपानमध्ये बुराकू भेदभाव नाहीच, असं सांगितलं. मोठा गदारोळ झाला, पुढे त्यांना माफी मागावी लागली आणि पंथाला आपल्या थडग्यांकडे बघावं लागलं. तेव्हा 'बौद्ध देशात चालतं' हा निकष नव्हेच. तसं म्हटलं तर चांडालही चालत होता. बाबासाहेबांनी नागपूरला दिलेला धम्म कुठल्या देशाच्या सवयींवरून उतरवलेला नाही.

आणि काका, आता तुम्ही. तुमच्याबद्दल आदर आहे, तुमच्यासारख्यांनी वस्त्यांत दारू सोडायच्या शपथा घ्यायला लावल्या म्हणून आमच्यासारखी पोरं शिकली. पण बाबासाहेबांचं नाव घेऊन तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवता. २४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत दारूबंदीच्या मार्गदर्शक तत्त्वावर चर्चा झाली, जे आज ४७ व्या कलमात आहे. जयपालसिंग मुंडा उभे राहिले आणि म्हणाले की तांदळाची बिअर हा आदिवासींच्या धर्माचा आणि शेतीच्या कष्टांचा भाग आहे, तुम्ही तो त्यांना न विचारता काढून घेऊ नका. बाबासाहेबांनी ती दुरुस्ती स्वीकारली, पण जयपालसिंगांना उत्तर देताना हेही स्पष्ट केलं की या कलमात राज्यांवर सक्ती नाही. पुढे १९५१ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करा अशी मागणी आहे. सरकारचा महसूल बुडतो आणि घराघरात चोरटी दारू गाळली जाते, हे त्यामागचं कारण. आणि १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर त्याच बाबासाहेबांनी आपल्याकडून दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली.

यात विसंगती नाही. कायद्याची बंदी म्हणजे पोलिसाची काठी, ती कोणाच्या पाठीवर पडणार हे जात ठरवते. प्रतिज्ञा म्हणजे स्वतःच्या जिभेवर स्वतः ठेवलेला ताबा, तो कोणी हिसकावू शकत नाही आणि कोणी दुसऱ्यावर लादूही शकत नाही. पाचव्या शिलात मुद्दा आहे तो प्रमादाचा, सावधपण सुटण्याचा. ज्या समाजाला एका पिढीत दोन हजार वर्षं भरून काढायची होती त्याला बेसावध राहणं परवडणार नव्हतं. आम्ही पेला हातात घेतला नाही तो याच कारणाने, आत्याच्या नवऱ्याला आठवून. ताईने घेतला, चाखला, ओतून दिला. तिने प्रतिज्ञा मोडली का? शब्दशः बघितलं तर मोडली, आणि ते तिने स्वतः कबूल केलं, परतल्यावर विहारात पुन्हा पंचशील घेतलं. तिचा हिशोब तिने चुकता केला. तुमच्या ग्रुपचा हिशोब मात्र बाकी आहे. ताईच्या एका घोटावर तीनशे मेसेज पडले, आणि आत्याला मिरवणुकीतून बाजूला केलं तेव्हा एकही आवाज उठला नव्हता. वस्तीतल्या बायका 'आडवी बाटली' साठी मतदान मागतात तेव्हा आपले किती नेते त्यांच्याबरोबर तहसीलला जातात? आणि बारवाल्याची निवडणुकीतली देणगी नाकारतात किती?

महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निशिनारीला गेलो. ओसाकातला हा भाग, त्यातलं कामागासाकी म्हणजे रोजंदारी मजुरांचा नाका. उड्डाणपूल, कारखाने, १९७० चं जागतिक प्रदर्शन, सगळं ज्यांच्या हातांनी उभं राहिलं ते मजूर इथे एकेका खाटेच्या खोल्यांत राहिले आणि म्हातारे झाले. त्यात बुराकू, कोरियन, ओकिनावाचे लोक पुष्कळ. १९६१ मध्ये गाडीखाली मेलेल्या एका मजुराचं प्रेत पोलिसांनी रस्त्यावर पडू दिलं, त्यावरून पहिला दंगा पेटला, आणि त्यानंतर असे अनेक झाले. बाकी ओसाका या भागाचं नाव आजही खालच्या आवाजात घेते.

इथे डेरायलर ब्रू वर्क्स नावाची लहान भट्टी आहे. ती काढली वृद्धांची आणि अपंगांची सेवा करणाऱ्या एका संस्थेने, मानसिक आजार किंवा अपंगत्व असलेल्या माणसांना पगाराचं काम मिळावं म्हणून. त्यांच्या एका बिअरचं नाव 'निशिनारी रायट एल'. रायट म्हणजे दंगा. ज्या शब्दाने शहर त्यांना हिणवतं तोच शब्द त्यांनी बाटलीवर छापला आहे. आम्ही भारावून वगैरे गेलो नाही. रस्त्याच्या पलीकडे एक म्हातारा मजूर फुटपाथवर बसला होता, हातात यंत्रातून घेतलेला स्वस्त दारूचा कप. ही क्राफ्ट बिअर त्याला परवडणार नव्हती, आणि एक बाटली त्याचं काही सोडवणारही नव्हती. पण तिथे काम करणाऱ्याला महिन्याचा पगार मिळतो, धाड पडत नाही, आणि वस्तीचं नाव लपवावं लागत नाही. आत्याला यातलं एकही मिळालं नाही.

ती एक बाटली आम्ही विकत घेतली आणि न उघडता नागपूरपर्यंत आणली. ती सध्या आमच्या कार्यालयात कपाटावर आहे, आत्याच्या फोटोशेजारी. फोटो आजच ग्रुपवर टाकला आहे. काका, तुम्ही रविवारी या. पुण्याच्या मित्रांनो, तुम्हीही या. चहा आमच्याकडे.

जय भीम.